उत्तर बरोबर, शेरा ‘चूक’
मराठी स्वयंचाचण्यांतील एका दुर्लक्षित दोषाची चिकित्सा

‘प्रवरा नदीवरील ______ धरण १९२६ साली पूर्ण झाले.’ अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कोणत्याही शाळेत विचारला जाईल असा हा साधा प्रश्न आहे. गाळलेल्या जागी ‘भंडारदऱ्याचे’ हा शब्द यायला हवा. हा प्रश्न संगणकावरील एखाद्या स्वयंचाचणीत घातला आणि विद्यार्थ्यांना तो घरी सोडवायला दिला, तर एक विचित्र अनुभव येऊ शकतो. तीन विद्यार्थी अक्षर अन् अक्षर तेच उत्तर लिहितात. पडद्यावर तिघांचे उत्तर हुबेहूब सारखे दिसते. तरीही संगणक दोघांना ‘बरोबर’ म्हणतो आणि तिसऱ्याला ‘चूक’. तीच चाचणी शाळेतील संगणक-कक्षात घेतली, तर सर्वांची उत्तरे बरोबर येतात.

मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या आणि अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर घरोघरी गेल्या. शाळा पुन्हा उघडल्या, तरी शिक्षकांनी स्वतः चाचण्या तयार करण्याची पद्धत टिकून राहिली. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. या चाचण्यांमधील प्रश्नांचा दर्जा, भाषा, चित्रे यांविषयी शिक्षकांमध्ये चर्चाही होते. मात्र दिलेले उत्तर संगणक नेमके कशाशी आणि कसे ताडून पाहतो, याची चिकित्सा फारशी होत नाही. आमच्या मते मराठी स्वयंचाचण्यांतील सर्वांत मोठा दोष येथेच दडलेला आहे. त्याचे परिणाम एखाददुसऱ्या गुणापुरते थांबत नाहीत, म्हणून या लेखात त्याचा थोडा तपशिलाने विचार करू.

नेहमीची स्पष्टीकरणे

असा प्रसंग आला की साधारणपणे चार स्पष्टीकरणे पुढे येतात. पहिले म्हणजे विद्यार्थ्याने शुद्धलेखनाची चूक केली असणार. दुसरे, त्याच्या घरचा संगणक जुना आहे. तिसरे, नेटवर्क नीट नव्हते. आणि चौथे, ‘संगणक कधी कधी असे करतो.’ यावरचे उपायही ठरलेले आहेत: संगणक बंद करून पुन्हा चालू करा, फाँट बदला, प्रोग्रॅम काढून पुन्हा घाला, नाहीतर दुसऱ्याच्या मोबाइलवरून चाचणी द्या.

विज्ञानाच्या शिक्षकाला यातील त्रुटी लगेच दिसावी. यांपैकी एकही स्पष्टीकरण तपासून पाहता येईल असे भाकीत करत नाही. नेटवर्क वाईट असते, तर दुसरी उत्तरेही अडखळली असती. केवळ ‘भंडारदऱ्याचे’ हाच शब्द नेटवर्कला का खुपावा? संगणक जुना असणे हे कारण असेल, तर त्याच संगणकावर ‘भंडारदरा’ हे उत्तर बरोबर का ठरते? शिवाय दुसऱ्याच्या मोबाइलवरून चाचणी दिली की काही वेळा उत्तर खरोखरच बरोबर येते. त्यामुळे उपायावरचा विश्वास वाढतो, पण कारण अज्ञातच राहते. कारण न कळता लागू पडणाऱ्या उपायातून अंधश्रद्धा कशी रुजते, हे आपण वर्गात शिकवतोच. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण तिला ‘अनुभव’ असे भारदस्त नाव देतो.

‘काही संगणकांवर होते, काहींवर होत नाही’ हे वाक्य तक्रार म्हणून ऐकले, तर हाती काही लागत नाही. निरीक्षण म्हणून ऐकले, तर ते फार मोलाचे आहे. ज्या संगणकांवर होते त्यांच्यात समान काय आहे आणि इतरांत वेगळे काय आहे, हा प्रश्न त्यातून लगेच निघतो.

दोष लहान करत जाणे

दोष शोधण्याची पहिली पायरी म्हणजे तो ज्या सर्वांत लहान उदाहरणात दिसतो ते उदाहरण शोधणे. प्रयोगात आपण एका वेळी एकच घटक बदलतो, तसेच येथेही करायचे. ‘भंडारदऱ्याचे’ चूक ठरते आणि ‘भंडारदरा’ बरोबर ठरते. म्हणजे ‘भंडार’ या भागाचा दोष नाही. शेवटचे ‘चे’ काढून ‘भंडारदऱ्या’ एवढेच ठेवले, तरी चूक. नुसते ‘दऱ्या’ लिहिले, तरी चूक. ‘द्या’ मात्र बरोबर. आता संशयित एकच उरतो: ‘ऱ्या’ मधील अर्धा र.

मराठीत अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसणारा रफार आपण ‘सूर्य’, ‘कर्जत’, ‘पाथर्डी’ या शब्दांत पाहतो. दुसरा प्रकार पापणीसारख्या आडव्या रेघेचा. तो ‘दऱ्या’, ‘वाऱ्याने’, ‘शेतकऱ्याला’, ‘ऱ्हास’ या शब्दांत येतो. हा फरक केवळ वळणाचा नाही, त्याने अर्थ बदलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ म्हणजे दरी या शब्दाचे अनेकवचन. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. उच्चारही वेगळा आहे. ‘दर्या’ म्हणताना ‘द’ वर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही.

विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत हा दुसरा र किती वेळा येतो पाहा. पारा, तारा, वारा, झरा यांना विभक्तीचा प्रत्यय लागला की पाऱ्याची घनता, ताऱ्याचे तापमान, वाऱ्याची दिशा, झऱ्याचे पाणी असे तो हजर होतो. ‘फिरणारा’, ‘वाहणारा’ यांची ‘फिरणाऱ्या’, ‘वाहणाऱ्या’ अशी रूपे होतात. ओझोन थराचा ‘ऱ्हास’ तर आहेच. तेव्हा हे एखाद्या दुर्मिळ अक्षराचे दुखणे नव्हे. ‘पारा’ लिहिणारा विद्यार्थी उत्तीर्ण होतो आणि ‘पाऱ्याचा’ असे व्याकरणशुद्ध लिहिणारा अनुत्तीर्ण होतो, असा याचा अर्थ आहे.

संगणकाला काय दिसते?

आपण अक्षराचा आकार वाचतो. संगणक मात्र आकार साठवत नाही, क्रमांक साठवतो. जगातील बहुतेक लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला युनिकोड या सर्वमान्य पद्धतीने एक क्रमांक दिलेला आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. दशमान पद्धतीत सांगायचे, तर ‘द’ चा क्रमांक २३४२, ‘य’ चा २३५१, ‘र’ चा २३५२, काना म्हणजे २३६६ आणि हलन्ताचे चिन्ह म्हणजे २३८१. जोडाक्षराला वेगळा क्रमांक नसतो. व्यंजन, हलन्त, व्यंजन असा क्रम दिला की पडद्यावर जोडाक्षर तयार करण्याचे काम फाँट आणि संगणकाची मूळ प्रणाली मिळून करतात.

त्यामुळे ‘दर्या’ हा शब्द संगणकात २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६ असा पाच क्रमांकांचा असतो. मग ‘दऱ्या’ कसा लिहायचा? त्यातही र, हलन्त आणि य हेच आहेत. फरक दाखवण्यासाठी दोन रीती प्रचारात आहेत.

पहिल्या रीतीत साध्या ‘र’ ऐवजी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. त्याचा क्रमांक २३५३. मग ‘दऱ्या’ म्हणजे २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६. एकूण क्रमांक पाच.

दुसऱ्या रीतीत साधा ‘र’ आणि हलन्त यांच्यानंतर एक अदृश्य चिन्ह घालतात. त्याला शून्य रुंदीचा जोडक म्हणता येईल. त्याचा क्रमांक ८२०५. पडद्यावर ते दिसत नाही, जागाही व्यापत नाही. मात्र मागच्या व्यंजनाचे अर्धे रूप दाखवा, अशी सूचना ते प्रणालीला देते. या रीतीने ‘दऱ्या’ म्हणजे २३४२, २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६. एकूण क्रमांक सहा.

पडद्यावर आणि कागदावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात. चाचणी तपासणारा प्रोग्रॅम मात्र शिक्षकाने दिलेल्या उत्तराचे क्रमांक आणि विद्यार्थ्याच्या उत्तराचे क्रमांक एकापुढे एक ठेवून पाहतो. दुसऱ्याच स्थानावर एकीकडे २३५३ आणि दुसरीकडे २३५२. झाले, शेरा ‘चूक’!

कोणत्या रीतीचे क्रमांक उमटतील हे विद्यार्थ्याच्या ज्ञानावर अवलंबून नसते, त्याच्या कळफलकाच्या प्रोग्रॅमवर अवलंबून असते. सरकारी प्रमाण असलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ साठी स्वतंत्र जागा आहे. उच्चारानुसारी टंकलेखनाच्या प्रोग्रॅमांत मात्र प्रत्येक कर्त्याने आपापल्या मताप्रमाणे एकेक रीत निवडलेली असते. शाळेच्या संगणक-कक्षातील सर्व यंत्रे सहसा एकदमच घेतलेली आणि एकाच व्यक्तीने सिद्ध केलेली असतात. त्यांचा कळफलक एकच, म्हणून तेथे दोष दिसत नाही. घरचे संगणक वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या दुकानांतून आलेले असतात. म्हणूनच चाचणी ‘काही घरच्या संगणकांवर’ अयशस्वी होते. यात त्या संगणकांचे काही चुकलेले नाही. सारखेपणामुळे जे शाळेत झाकले गेले, ते घरच्या विविधतेने उघडे पाडले. नमुना एकाच ठिकाणचा घेतला की निष्कर्ष फसतो, हे सांख्यिकीतील तत्त्व येथे प्रत्यक्ष पाहायला मिळते.

दोन रीती आल्या कोठून?

१९९० च्या दशकात घरच्या संगणकावर मराठी लिहिण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे खास फाँट वापरणे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला आणि तेथे तो फाँट नसला, की पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसे. याला पर्याय म्हणून भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतपद्धत आखली गेली आणि १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे भारतीय भाषांसाठीचे काम याच पद्धतीवर उभे होते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच घेतलेली आहे.

इस्कीमध्ये पापणीचा र मिळवण्यासाठी ‘ऱ’ आणि हलन्त हाच मार्ग होता. १९९६ साली निघालेल्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडक ही रीत सांगितली गेली. नंतरच्या आवृत्त्यांत इस्कीशी सुसंगत असा ‘ऱ’ चा मार्ग मुख्य नियम म्हणून आला. आधी लिहिलेला मजकूर बिघडू नये म्हणून दुसरी रीतही मान्य ठेवली गेली. जुन्या मजकुराची काळजी घेणे योग्यच होते. पण त्याची किंमत अशी, की मराठीतील एक अत्यंत नित्याचे अक्षर कायमचे दुहेरी होऊन बसले. हिंदीला या पापणीच्या र ची गरज पडत नाही. त्यामुळे देवनागरीचे प्रोग्रॅम हिंदी डोळ्यांपुढे ठेवून तपासले गेले, तर हा दोष कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अर्धवट उपायाचा धोका

येथपर्यंतचे निदान झाल्यावर एक उपाय सहज सुचतो: ते अदृश्य चिन्ह प्रत्येक उत्तरातून काढून टाकावे, म्हणजे झगडाच मिटेल. हा उपाय फसवा आहे. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ मधून ८२०५ हा क्रमांक काढला की उरते २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६, म्हणजे चक्क ‘दर्या’! ज्याला आपण बरोबर ठरवायला निघालो, त्याच्या दरीचा समुद्र झाला. दोन्ही बाजूंनी जोडक काढले, तर ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे शब्द एकच ठरतील आणि खरोखर चुकलेले उत्तरही बरोबर म्हणून खपून जाईल. बरोबर उत्तर नाकारणे हा एक दोष आणि चूक उत्तर स्वीकारणे हा दुसरा. पहिला घालवताना दुसरा ओढवून घेणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

खरा उपाय क्रमाने करावा लागतो. आधी प्रत्येक उत्तरात २३५२, २३८१, ८२०५ ही त्रयी शोधून तिच्या जागी २३५३, २३८१ ही जोडी ठेवायची. त्यानंतर उरलेले अदृश्य जोडक व विभाजक काढायचे. मग तुलना करायची. शिक्षकाने दिलेल्या उत्तरावरही हीच प्रक्रिया व्हायला हवी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे काम काही ओळींचे आहे.

आणखी काही जोडीदार

एक दोष नीट समजला की त्याची भावंडे ओळखू येतात. ‘ॲसिड’, ‘ॲल्युमिनियम’ या शब्दांतील ॲ घ्या. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २००९ मधील निर्णयात हा स्वर मराठी वर्णमालेत आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक, २४१८, मिळाला तो २००८ साली. तोपर्यंत लोक ‘अ’ वर अर्धचंद्र ठेवून, म्हणजे २३०९ आणि २३७३ अशा दोन क्रमांकांनी तो लिहीत. आजही काही कळफलक तसेच लिहितात. दिसायला दोन्ही सारखेच. ज्या जुन्या संगणकातील फाँट २००८ पूर्वीचा असतो, तेथे नव्या ॲ च्या जागी रिकामी चौकट दिसते. म्हणजे हा दोष दिसूही शकतो आणि न दिसताही राहू शकतो.

‘दुःख’ या शब्दातील विसर्गाचा क्रमांक २३०७. पण अनेक जण घाईत इंग्रजी कळफलकावरील अपूर्णविराम, म्हणजे ५८ क्रमांकाचे चिन्ह, वापरतात. अंकांचेही तसेच. देवनागरी शून्य ते नऊ यांचे क्रमांक २४०६ ते २४१५ असे आहेत आणि रोमन पद्धतीच्या अंकांचे ४८ ते ५७. पाऱ्याची घनता १३.६ लिहिणारा विद्यार्थी कोणत्या अंकांत लिहितो, यावर त्याचा गुण ठरावा काय? शेवटी, उत्तरानंतर नकळत पडलेली मोकळी जागा. तिचा क्रमांक ३२. तीही दिसत नाही, पण मोजली जाते.

यांपैकी काही जोड्या जुळवण्यासाठी युनिकोडने स्वतःच प्रमाणीकरणाची रीत दिलेली आहे. उदाहरणार्थ, ‘र’ खाली नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ (२३५२, २३६४) आणि स्वतंत्र ‘ऱ’ (२३५३) यांना ती एकरूप करते. मात्र अदृश्य जोडकाची रीत आणि दोन तुकड्यांतील ॲ यांना ती हात लावत नाही. म्हणून ‘आमचा प्रोग्रॅम युनिकोडप्रमाणे आहे’ हे उत्तर ऐकून शिक्षकाने समाधान मानू नये.

येथे चाचणीच्या चाचणीविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. एखाद्याने नवा प्रोग्रॅम पारखण्यासाठी आपल्या जिल्ह्यातील चौदा तालुक्यांची नावे लिहून पाहिली, असे समजा: अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड. यात वेलांट्या आहेत, रफार आहेत, जोडाक्षरे आहेत. सर्व नावे बरोबर आली. प्रोग्रॅम निर्दोष ठरला का? नाही. या चौदा नावांत पापणीचा र एकदाही येत नाही. दोष जेथे राहतो तेथे न जाणारी चाचणी कितीही वेळा उत्तीर्ण झाली, तरी तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अकोले तालुक्यातील एकटे ‘भंडारदऱ्याचे’ या चौदा नावांपेक्षा अधिक उपयोगी आहे.

यंत्र खरोखर चुकते तेव्हा

दोष नेहमी अक्षरांचाच असतो असे मात्र नाही. घरच्या संगणकांवर फसणाऱ्या चाचण्यांत सर्वांत गाजलेली चाचणी एका भागाकाराची होती. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकवणारे प्राध्यापक थॉमस नाइसली १९९४ साली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करत होते. पेंटियम चिप असलेल्या संगणकाचे उत्तर इतर संगणकांशी जुळेना. त्यांनी एकेक कारण तपासले: स्वतःचा प्रोग्रॅम, तो भाषांतरित करणारा कम्पायलर, संगणकाचा मुख्य फलक. चिपमधील अपूर्णांकांचे गणित करणारा भाग बंद ठेवला की उत्तर सुधारे. अनेक महिन्यांच्या तपासानंतर त्यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये आपले निष्कर्ष जाहीर केले. दोष चिपमध्येच होता. भागाकारासाठी तिच्यात ठेवलेल्या कोष्टकातील पाच नोंदी राहून गेल्या होत्या.

हा दोष पाहण्यासाठी पुढे एक सोपे उदाहरण प्रसिद्ध झाले. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा. खरे उत्तर सुमारे १.३३३८२० आहे. सदोष चिप १.३३३७३९ असे उत्तर देई. म्हणजे चौथ्याच दशांश स्थळावर चूक. इंटेल कंपनीला डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला चिप बदलून देण्याची घोषणा करावी लागली आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरांचा खर्च हिशेबात धरावा लागला.

एक प्राध्यापक एवढ्या मोठ्या कंपनीच्या चिपमधील दोष सिद्ध करू शकला, कारण ‘माझाच संगणक बिघडला असेल’ असे म्हणून तो थांबला नाही. ‘चिपच चुकली’ असेही त्याने पहिल्या दिवशी म्हटले नाही. एका वेळी एक गोष्ट बदलून, उरलेले सर्व तसेच ठेवून तो पुढे गेला. भंडारदऱ्याच्या उत्तराला नेमकी हीच शिस्त लागू पडते. फरक एवढाच, की पेंटियमच्या बाबतीत नुकसान भरून देणारी कंपनी होती. मराठी मुलाचा कापलेला गुण भरून द्यायला कोणी बसलेले नाही.

खरे नुकसान

कोणी म्हणेल, एका गुणाचे एवढे काय? शिक्षक हाताने दुरुस्त करतील. करतातही. परंतु दोषाचे निदान न होता तो नुसता सहन केला जातो, तेव्हा तो शांतपणे आपल्या अध्यापनाला वळण लावतो. लिहिलेल्या उत्तरांत गोंधळ होतो असे दिसले, की चाचणी तयार करणारा पुढच्या वेळी लिहिण्याचे प्रश्न टाळतो आणि सगळे प्रश्न चार पर्यायांचे करतो. त्याची तक्रार मिटते. विद्यार्थी मात्र संगणकावर मराठीत एकही वाक्य न लिहिता वर्ष पार करतो. वर्तुळावर टिचकी मारणे आणि ‘पाऱ्याची घनता पाण्याच्या १३.६ पट असते’ असे स्वतः लिहिणे यांत शिकण्याच्या दृष्टीने केवढे अंतर आहे, हे शिक्षकांना सांगायला नको. एका अदृश्य चिन्हाने हा बदल घडवून आणावा आणि आपण त्याला ‘आधुनिक मूल्यमापन’ म्हणावे, हे आम्हांला मान्य नाही.

दुसरे नुकसान याहून खोल आहे. बरोबर लिहिलेल्या उत्तराला संगणक ‘चूक’ म्हणतो, तेव्हा बहुतेक मुले संगणकावर संशय घेत नाहीत, स्वतःवर घेतात. ‘दऱ्या’ नीट लिहिणारे मूल पुढच्या खेपेस ‘दर्या’ किंवा ‘दरया’ लिहून पाहते आणि त्यांतले काही चालले, तर तेच बरोबर समजते. ज्या घरात विचारायला कोणी नाही, तेथे ही चूक कायमची होते. संगणक हा अंतिम न्यायाधीश आहे ही समजूत विज्ञानशिक्षणाच्या मुळावरच येते. मोजमाप करणारे साधन स्वतः तपासून घ्यावे लागते, हे आपण तराजू आणि तापमापीच्या बाबतीत शिकवतो. मग चाचणीच्या प्रोग्रॅमला सूट कशासाठी?

दोष कोणाचा, असे विचारले तर उत्तर एकेरी नाही. प्रमाणपद्धतीने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या. कळफलक करणाऱ्यांनी आपसांत मेळ घातला नाही. उत्तरे तपासणाऱ्या प्रोग्रॅमांनी मराठीची परीक्षा मराठी शब्दांनी घेतली नाही. आणि आपण शिक्षकांनी ‘काही संगणकांवर होते’ हे वाक्य पुढे कळवताना कोणता शब्द, कोणता कळफलक, कोणते यंत्र हे लिहून ठेवले नाही. पहिल्या तीन गोष्टी आपल्या हातात नाहीत. चौथी आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे

यासाठी लागते ते एवढेच: कोणताही स्प्रेडशीट प्रोग्रॅम आणि विद्यार्थ्यांच्या घरचे निरनिराळे कळफलक. प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या संगणकावर वा मोबाइलवर ‘दऱ्या’ हा शब्द लिहून शिक्षकांकडे पाठवावा. शब्द पुन्हा टाइप न करता जसाच्या तसा एकेका चौकटीत ठेवावा. शेजारच्या चौकटीत लांबी मोजणारे ‘लेन’ हे सूत्र द्यावे. काही शब्दांची लांबी पाच येईल, काहींची सहा. मुलांना येथेच पहिला धक्का बसतो.

मग थोडे पुढे जावे. ‘दर्या’ ची लांबीही पाचच येते. म्हणजे लांबी सारखी असली म्हणून शब्द सारखा असतो असे नाही. आता ‘मिड’ या सूत्राने दुसरे अक्षर वेगळे काढून ‘युनिकोड’ या सूत्राने त्याचा क्रमांक पाहावा. २३५३ येतो की २३५२? चौथा क्रमांक २३५१ आहे की ८२०५? कोणत्या कळफलकाने कोणती रीत वापरली याचे कोष्टक विद्यार्थ्यांनी स्वतः करावे. एका तासात वर्गापाशी स्वतः गोळा केलेली आधारसामग्री असेल, आणि ‘आमच्याकडे चालत नाही’ या वाक्याऐवजी दोष नेमका कोठे आहे हे सांगणारा तक्ता असेल. चाचणीचा प्रोग्रॅम करणाऱ्याला तो तक्ता पाठवला, तर त्याला ‘संगणक बंद करून पुन्हा चालू करा’ असे उत्तर देणे अवघड जाईल.

तोपर्यंत तात्पुरती सोयही करता येते. अनेक चाचणी-प्रोग्रॅमांत एका प्रश्नाला एकाहून अधिक मान्य उत्तरे देता येतात. तेथे ‘भंडारदऱ्याचे’ हे उत्तर दोन्ही रीतींनी, दोन वेगळ्या कळफलकांवरून लिहून ठेवावे. ते दोनदा सारखेच दिसेल आणि पाहणाऱ्याला वाटेल, चुकून दोनदा लिहिले. त्याला तसे वाटले की लांबी मोजायला सांगावी: एकाची बारा, दुसऱ्याची तेरा.